पिकअपच्या हौद्याला पोचे पडलेत? लांबी आणि रंगाच्या आधी पत्रा सरळ करणं का गरजेचं असतं, समजून घ्या

मार्केट यार्डात पहाटे उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या रांगेतून एक चक्कर मारून बघा. पुढून गाडी चकाचक असते. काचेवर देवाचं नाव, बंपरला लिंबू-मिरची, आरशाला गोंडा. मागे हौद्याकडे गेलं की चित्र बदलतं. कुठे क्रेटचा कोपरा लागून पत्रा आत गेलाय, कुठे पाईप आदळून बाजूची भिंत बाहेर फुगलीये, फाळक्याची वरची कड तर नागमोडी झालेली.

मग पासिंगची तारीख जवळ येते किंवा गाडी विकायची ठरते, आणि मालक गाडी घेऊन गॅरेज गाठतो. तिथला संवाद जवळपास ठरलेला असतो.

"मिस्त्री, दोन दिवसांत लांबी मारून रंग देऊन टाका. गाडी उभी ठेवून परवडत नाही."

"मालक, आधी पोचे काढावे लागतील. नुसती लांबी मारली तर पावसाळा झाला की परत याल."

"अहो, कामाची गाडी आहे, वरातीला न्यायची नाहीये. भरा आणि द्या."

मालकाचं म्हणणंही चूक नाही. गाडी उभी राहिली की भाडं बुडतं आणि हप्ता काही थांबत नाही. पण मिस्त्री सांगतोय त्यामागे ठोस कारण आहे. खोल पोच्यात थेट लांबी भरली तर ती हौद्यावर टिकत नाही. ती तडकते, तिच्यामागे पाणी साचतं आणि रंग चमकत असतानाच आतून पत्रा गंजत जातो. म्हणजे पैसे जातात, गाडी पुन्हा उभी राहते आणि पत्राही हातचा जातो.

हे नेमकं कसं होतं आणि योग्य काम कसं करतात, तेच समजून घेऊया.

हौद्याचे पोचे कारच्या पोच्यांपेक्षा वेगळे का असतात?

कारला पोचा पडतो तो बहुतेक वेळा बाहेरून. कुणीतरी घासून जातं, पार्किंगमध्ये खांब लागतो. मार बाहेरून आत बसतो.

हौद्याचं उलटं असतं. इथे माल आतमध्ये आदळतो. ब्रेक मारला की लोखंडी पाईप पुढच्या भिंतीवर येतात, वळणावर क्रेट बाजूच्या भिंतीवर रेलतात, माल चढवताना गोण्या तळावर टाकल्या जातात. त्यामुळे बाजूच्या भिंती आतून बाहेर फुगतात, तर तळ खाली दबतो.

त्यात तळाचा पत्रा सपाट नसतो. त्याला लांब पन्हळी पाडलेल्या असतात. या पन्हळी शोभेसाठी नाहीत. सपाट कागद दोन टोकांना धरला तर मध्ये लोंबतो, पण त्याच कागदाला घड्या घातल्या तर तो ताठ राहतो. पन्हळीही पत्र्याला तसाच ताठपणा देतात. एखादी पन्हळ दबून सपाट झाली की तेवढ्या जागी पत्रा कमजोर होतो आणि पुढचा मार तिथेच जास्त लागतो.

तळाच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना क्रॉस मेंबर म्हणतात. दोन पट्ट्यांच्या मधला पत्रा दबतो, पट्टीवरचा दबत नाही. म्हणूनच जुन्या हौद्याचा तळ वरून पाहिला तर लाटांसारखा दिसतो.

२००५ मध्ये टाटा एस बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचलं. तेव्हापासून अशा छोट्या मालवाहू गाड्यांवर अनेक घरं चालतात. गाडी छोटी असली तरी हौद्याला रोजचा मार चुकत नाही.

पत्रा पोचतो तेव्हा आत काय होतं?

स्टीलच्या पत्र्यावर हलका दाब दिला तर तो वाकतो आणि हात काढला की परत जागेवर येतो. याला लवचीकपणा म्हणायचं. पण दाब एका मर्यादेच्या पुढे गेला की पत्रा परत येत नाही. तो नवीन आकार कायमचा धरतो. पोचा म्हणजे हाच कायमचा बदल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पोचा दिसायला मोठा असला तरी त्यातला सगळा पत्रा खराब झालेला नसतो. जिथे घडी पडली, कड उमटली किंवा टोकदार मार बसला, तेवढाच भाग कायमचा वाकलेला असतो. आजूबाजूचा बराचसा पत्रा त्या घडीने नुसता अडकवून ठेवलेला असतो. घडी सुटली की तो पत्रा आपणहून बऱ्यापैकी जागेवर येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, वाकलेलं स्टील आधीपेक्षा कडक होतं. तार एकाच जागी दोन-चार वेळा वाकवून बघा, ती तिथे कडक होते आणि मग तुटते. पत्र्याचंही तसंच आहे. म्हणून पोच्याच्या मध्यावर जोरात घणाघात केला तर पत्रा सरळ होण्याऐवजी आणखी ताणतो, पातळ होतो आणि कधी कधी फाटतो.

थोडक्यात, पोचा काढणं हे ताकदीपेक्षा क्रमाचं काम आहे.

लांबी म्हणजे नेमकं काय?

रंगारी ज्याला लांबी म्हणतात ती म्हणजे पुट्टी. गाड्यांसाठी आज वापरतात ती मुख्यतः पॉलिस्टर पुट्टी. त्यात पॉलिस्टर रेझिन आणि टाल्कसारखी बारीक पूड असते. तिच्यात ट्यूबमधलं हार्डनर मिसळलं की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मऊ लगदा थोड्या वेळात दगडासारखा होतो.

अशी पुट्टी १९५० च्या दशकात अमेरिकेत वापरात आली. त्याआधी गाड्यांचे खड्डे भरायला शिशाचा मिश्रधातू गरम करून पत्र्यावर चढवायचे. ते काम अवघड आणि तब्येतीला घातक होतं. त्या मानाने पुट्टी फारच सोपी, म्हणून ती सगळीकडे पसरली. सोपी असल्यामुळेच तिचा गैरवापरही सुरू झाला.

पुट्टीचं काम एवढंच असतं की पत्रा जवळपास सरळ झाल्यावर हातोडीच्या खुणा आणि बारीक उंचसखलपणा भरून काढायचा. घासून झाल्यावर तिचा थर २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा, असं चांगले कारागीर धरून चालतात. फार तर ६ मिलिमीटर ही वरची मर्यादा मानली जाते. दोन सेंटिमीटर खोल पोचा पुट्टीने भरणं म्हणजे पायाचं हाड मोडल्यावर वरून नुसतं मलम लावण्यासारखं आहे.

मग हौद्यावर जाड लांबी का टिकत नाही?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं, हौदा हलतो. माल भरला की पत्रा खाली लवतो, माल उतरला की वर येतो. खड्ड्यातून गाडी गेली की चॅसिस पिळवटते आणि तिच्याबरोबर हौदाही. स्टील हे सहन करतं, कारण ते लवचीक आहे. वाळलेली पुट्टी ठिसूळ असते. पातळ थर पत्र्याबरोबर थोडाफार वाकतो, पण जाड थर वाकत नाही. तो तडकतो किंवा पत्र्यापासून सुटतो.

दुसरं कारण मार. कारच्या दरवाजावर भरलेल्या लांबीला कुणी रोज क्रेट मारत नाही. हौद्याला मात्र रोज मार बसतो. त्यात जाड लांबीचे टवके उडतात.

तिसरं कारण सगळ्यात घातक, ते म्हणजे पाणी. पुट्टीतली पूड ओलावा शोषते. तिला बारीक तडा गेला किंवा रंगाला चरा पडला की पाणी आत शिरतं आणि पत्र्याला चिकटून बसतं. ते बाहेर पडत नाही, वाळतही नाही. भाजीपाला, मासळी, मीठ किंवा खताची वाहतूक असेल तर ते पाणी साधं नसतं, क्षारयुक्त असतं. त्यात लोखंड अजून लवकर गंजतं.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे आतून गंज फुगत जातो आणि लांबीला बाहेर ढकलतो. रंगावर आधी छोटे फोड दिसतात, मग भेग, आणि एक दिवस तळहाताएवढा ढलपा निघून येतो. त्याच्याखाली असतो तपकिरी, भुसभुशीत पत्रा. मिस्त्री "पावसाळा झाला की परत याल" म्हणतो ते याच अनुभवावरून.

कामाची सुरुवात हातोडीने नाही, पाण्याने होते

पोचा काढण्याआधी हौदा रिकामा करून स्वच्छ धुवावा लागतो. रबरी मॅट किंवा प्लायवूड टाकलं असेल तर ते काढायचं. बऱ्याच वेळा खरा गंज याच मॅटखाली लपलेला असतो. ग्रीस आणि डिझेलचे डाग थिनरने पुसून काढायचे, कारण तेलकट पत्र्यावर पुढे काहीच धरत नाही.

मग तपासणी. ती दोन्ही बाजूंनी करायची. वरून दिसणारा पोचा खालून कसा आहे, त्यामागे आडवी पट्टी आहे का, पट्टीच वाकली आहे का, वेल्डिंगचा सांधा सुटलाय का, हे गाडीखाली जाऊनच कळतं. पट्टी वाकली असेल तर आधी ती सरळ करावी लागते. नाहीतर वरचा पत्रा कितीही ठोका, तो परत खालीच बसणार.

पोचा नेमका किती पसरलाय हे बघायला सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा वापरतात. हाताचाही उपयोग होतो. अनुभवी डेंटर डोळे बाजूला वळवून तळहात पत्र्यावरून फिरवतो, कारण डोळ्याला रंगाची चमक फसवते, तळव्याला उंचसखलपणा लगेच कळतो.

गंजाची परीक्षा स्क्रू ड्रायव्हरने होते. गंजलेल्या जागी टोक दाबून बघायचं. वरवरचा गंज असेल तर टोक थांबतं. टोक आत गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. अशा ठिकाणी ठोकून किंवा भरून काही होत नाही. सडलेला भाग कापून तिथे नवीन पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करावा लागतो. छिद्रावर जाळी किंवा फायबर टाकून वरून लांबी ओढणं हा हौद्यासाठी उपाय नाही.

पोचा कसा काढतात?

डेंटरची मुख्य हत्यारं दोनच. एक सपाट तोंडाची हातोडी आणि दुसरा हातात धरायचा पोलादी ठोकळा, ज्याला सगळे डॉली म्हणतात. डॉली पत्र्याच्या एका बाजूला धरायची आणि हातोडी दुसऱ्या बाजूने मारायची. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी कला डॉली कुठे धरायची यात आहे.

सुरुवातीला डॉली खोलगट भागाच्या मागे दाबून धरतात आणि हातोडी मात्र शेजारच्या उंचवट्यावर मारतात. पोचा पडतो तेव्हा मधला भाग खोल जातो आणि त्याच्या कडेने पत्रा थोडा वर उचलला जातो. हा उंचवटाच पोच्याला अडकवून ठेवतो. उंचवटा खाली बसला आणि मागून डॉलीचा रेटा मिळाला की खोल भाग आपोआप वर येतो. या पद्धतीत पत्रा ताणला जात नाही.

पत्रा बराचसा जागेवर आल्यावर डॉली बरोबर हातोडीच्या खाली धरतात आणि हलके ठोके देऊन बारीक उंचसखलपणा घालवतात. इथे जोर लावला तर पत्रा दोन पोलादांच्या मध्ये चेपला जाऊन पसरतो. म्हणून ठोके हलके आणि जवळजवळ द्यायचे.

क्रमाचा साधा नियम असा की मार ज्या क्रमाने बसला, त्याच्या उलट क्रमाने काढायचा. सगळ्यात शेवटी जिथे पत्रा दुमडला, तिथून सुरुवात आणि पहिला मार जिथे बसला, तिथे शेवट. व्यवहारात याचा अर्थ कडेकडून मध्याकडे सरकत जाणं. मोठ्या, पसरट पोच्यासाठी रबरी हातोडी किंवा लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून मार देतात, म्हणजे नवीन खुणा पडत नाहीत.

दबलेली पन्हळ उचलायची असेल तर तिच्या आकाराचा लाकडी किंवा लोखंडी तुकडा आतून लावून ठोकतात. पन्हळीचा आकार परत आला की आजूबाजूचा तळही बऱ्यापैकी सरळ होतो.

फाळक्याची आणि भिंतीची वरची कड मात्र आधी घ्यायची. कड म्हणजे त्या भागाची चौकट. चौकटच वाकडी असेल तर मधला पत्रा सरळ राहणार नाही. फाळका बंद करून बिजागरी आणि कडी नीट बसतात का, हे पेंटिंगच्या आधीच बघून घ्यायचं. रंग झाल्यावर कडी बसत नाही म्हणून ठोकाठोकी केली तर सगळं काम वाया जातं.

मागून हात पोहोचत नसेल तर?

काही गाड्यांच्या हौद्याची भिंत किंवा फाळका दुहेरी पत्र्याचा असतो. मध्ये पोकळी असते आणि डॉली घालायला जागा नसते. अशा वेळी पोच्यात छोटे वॉशर किंवा पिना वेल्डिंगने चिकटवतात, त्यांना हूक अडकवतात आणि दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या हिसक्याने पत्रा बाहेर ओढतात. काम झालं की वॉशर पिळून काढायचे आणि जागा ग्राइंडरने साफ करायची.

पूर्वी यासाठी पत्र्याला भोकं पाडून स्क्रू घालून ओढायचे. अजूनही काही ठिकाणी तसं करतात. पण मग ती भोकं वेल्डिंगने बुजवणं आवश्यक असतं. नुसती लांबी भरून सोडली तर पोकळीतला ओलावा त्याच भोकांतून लांबीच्या मागे पोहोचतो.

पत्रा डब्यासारखा वाजतोय?

कधी कधी पोचा निघतो, पण बोटाने दाबलं की पत्रा 'टक्' करून आत जातो आणि सोडलं की 'टक्' करून बाहेर येतो. तेलाच्या डब्याचं बूड वाजतं तसं. याचा अर्थ पत्रा ताणला गेलाय. त्याचं क्षेत्रफळ वाढलंय आणि चौकट तेवढीच आहे, म्हणून जास्तीचा पत्रा कधी इकडे तर कधी तिकडे फुगतो.

अशा पत्र्यावर लांबी अजिबात भरायची नाही. पहिल्याच खड्ड्यात ती तडकेल. यावर उपाय म्हणजे पत्रा आकसवणं. गॅसच्या बारीक ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवतात. तापलेला भाग फुगायला बघतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, त्यामुळे तो जागच्या जागी जाड होतो. मग ओल्या फडक्याने थंड केला की तो आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा स्वतःकडे खेचून घेतो. असे मोजके ठिपके पुरतात. एकाच वेळी मोठा भाग तापवला तर पत्रा आणखी वेडावाकडा होतो.

हे काम शिकलेल्या हातांचं आहे, घरी करून बघायचं नाही. आणि हा उपाय फक्त हौद्याच्या पत्र्यासाठी आहे. चॅसिसला अशी आच द्यायची नाही, तिची ताकद कमी होऊ शकते.

वेल्डिंगच्या आधी एवढं नक्की बघा

हौद्याच्या खाली डिझेलची टाकी, पाईप आणि वायरिंग असतं. वेल्डिंग, ग्राइंडर किंवा गॅसचं काम त्यांच्या जवळ करायचं असेल तर ते झाकणं किंवा काढून ठेवणं गरजेचं आहे. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढायचा, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना धोका पोहोचू शकतो. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेच्या जवळच लावायचा.

सीएनजी गाडी असेल तर हे आधी मिस्त्रीला सांगा. सिलिंडर आणि गॅसच्या पाईपजवळ आगीचं काम करण्याआधी सीएनजीचं काम जाणणाऱ्या माणसाकडून ती व्यवस्था सुरक्षित करून घ्यायलाच हवी.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंगचा पांढरा धूर नाकात गेल्यावर ताप आणि अंगदुखी होऊ शकते. घासताना उडणारी लांबीची आणि जुन्या रंगाची धूळही फुप्फुसात जाते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल नाही, मास्क असायला हवा आणि डोळ्याला चष्मा.

पत्रा पुरेसा सरळ झाला, हे कसं ओळखायचं?

लांबी भरण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

१. पोच्यावर सरळ पट्टी ठेवा. पट्टी आणि पत्रा यांच्यातली फट २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

२. पत्रा कुठेही पट्टीच्या वर आलेला नको. खोल भाग लांबीने भरता येतो, पण वर आलेला भाग घासून घालवता येत नाही. तसं केलं तर पत्राच पातळ होतो.

३. अंगठ्याने दाबून बघा. पत्रा वाजायला नको.

हे जमलं की जुना रंग आणि गंज पूर्ण खरवडून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा खरबरीत करतात, म्हणजे लांबीला पकड मिळते. लांबी अशा स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर किंवा नीट वाळलेल्या इपॉक्सी प्रायमरवर भरायची. साध्या रेड ऑक्साइडवर पॉलिस्टर लांबी चढवली तर तिच्यातलं रसायन खालचा थर मऊ करतं आणि सगळंच सुटून येऊ शकतं.

हार्डनरचं प्रमाण साधारण १०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम असतं. नक्की आकडा डब्यावर लिहिलेला असतो. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातलं तर लांबी ठिसूळ होते आणि पुढे रंगावर डाग उमटू शकतात. एकदम जाड थर न देता पातळ थर द्यायचे. उघडी लांबी पाण्याने घासायची नाही, कारण ती पाणी पिते. कोरडी घासायची, मग प्रायमर आणि मग रंग.

तळाला लांबी भरायची गरज आहे का?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाही. हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही आणि तिथेच पैसे वाचू शकतात.

हौद्याच्या बाहेरच्या भिंती लोकांना दिसतात, त्यावर नाव आणि नंबर असतो. तिथे पत्रा सरळ करून पातळ लांबी मारणं समजण्यासारखं आहे. पण आतल्या तळावर उद्या परत गोण्याच पडणार आहेत. तिथे गुळगुळीतपणाचा काही उपयोग नाही. तिथे पन्हळी जमतील तेवढ्या उचलायच्या, पाणी साचेल असे खड्डे घालवायचे, गंज खरवडून काढायचा, चांगला प्रायमर आणि रंग द्यायचा आणि वर जाड रबरी मॅट टाकायची. लांबी नकोच. पाणी निघून जाण्यासाठी तळाला असलेली भोकं मात्र मोकळी ठेवायची. रंगकामात ती बऱ्याचदा बुजतात. मॅटही अधूनमधून उचलून खालचा पत्रा वाळू द्यायचा.

खालच्या बाजूलाही लक्ष हवं. जिथे ठोकलंय किंवा वेल्डिंग झालंय, तिथला मूळ रंग उडालेला असतो. वरून रंग दिला आणि खालचा पत्रा उघडा राहिला तर गंज खालून सुरू होतो.

जुनी पिकअप घेताना हेच ज्ञान कामाला येतं

सेकंडहँड गाडीचा हौदा अगदी नवा दिसत असेल तर एक छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळून भिंतीवरून फिरवा. स्टीलच्या पत्र्याला ते घट्ट चिकटतं. जाड लांबी असेल तिथे पकड सैल होते किंवा चुंबक गळून पडतं. बोटाने टकटक केलं तरी फरक कळतो. पत्रा खणखणीत वाजतो, लांबी बद्द वाजते. आणि गाडीखाली नक्की वाकून बघा. वरून सपाट दिसणारी भिंत मागून खोल पोचलेली असेल तर मधली जागा कशाने भरलीये हे वेगळं सांगायला नको.

गॅरेजला गाडी देताना काय ठरवायचं?

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. त्यामुळे अनेकदा शेवटच्या आठवड्यात घाईघाईने काम काढलं जातं आणि पत्र्याचं काम लांबीवर ढकललं जातं. त्यापेक्षा महिनाभर आधी, धंदा मंदा असेल तेव्हा गाडी दिली तर मिस्त्रीलाही वेळ मिळतो. रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, कारण गाडीच्या रंगाची नोंद आरसीवर असते.

काम देताना पोचे काढण्याचा आणि रंगाचा खर्च वेगवेगळा विचारा. दोन्ही एकत्र सांगितलं की कुठे काटकसर झाली ते कळत नाही. आणि एक अट घाला. पत्रा सरळ झाला की लांबी भरण्याआधी फोन करायचा. जमलं तर स्वतः जाऊन बघा, नाहीतर उघड्या पत्र्याचे वरून आणि खालून फोटो मागवा. पट्टी लावलेला एक फोटो हवाच. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याची मेहनत कुणीतरी बघतंय याचं बरंच वाटतं.

एकदा लांबी चढली आणि रंग बसला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. ते दिसतं पुढच्या पावसाळ्यात. म्हणून बघायचं असेल तर पत्रा उघडा असतानाच बघून घ्या.